देवगव्हाणच्या बाजारातला मुका

"'बंधू आणि भगिनींनो' म्हण," माझा जबडा हातात धरून तो म्हणाला. "म्हण की रं. येवढंच म्हण."

त्याचा अंगठा माझ्या गालात रुतला होता आणि हाताला कांद्याचा उग्र वास येत होता. त्याच्यामागे आमची प्रचाराची जीप कुशीवर पडली होती. तिचं एक चाक अजून फिरत होतं. भोंगा तुटून भजीवाल्याच्या कढईपाशी जाऊन पडला होता. भोवती दीडदोनशे माणसं होती. मला फक्त तोंड उघडायचं होतं, आणि उघडलं असतं तर मी तिथेच संपलो असतो, कारण भोंग्यातून आलेला जो आवाज ते शोधत होते तो माझा होता.

"त्यो मुका हाय," बाजूला धरून ठेवलेला खंडू म्हणाला. "भोंग्याच्या वायरी बघतो. त्याला काय इचारता?"

खंडू मदने आमच्या जीपचा ड्रायव्हर. त्याच्या कानातून रक्त गळत होतं आणि तरीही तो हे इतक्या सहज बोलला की क्षणभर मलाच खरं वाटलं.

याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मी शेजारच्या तालुक्यात नावाजलेला निवेदक होतो. लग्न असो, कबड्डीचे सामने असोत, शोकसभा असो, माइकवर सदानंद बोंगाळेच पाहिजे असं लोक म्हणत. माझी शोकसभा ऐकून मेलेला उठून बसेल, असंही म्हणत. त्या कौतुकानं मी हवेतच असायचो. विधानसभेची निवडणूक लागली तेव्हा निवृत्तीअण्णा कोळप्यांनी मला बोलावून घेतलं. नाव निवृत्ती, पण ही त्यांची तिसरी निवडणूक होती. अपक्ष होते आणि निशाणी होती बादली.

"सर, निशाणी चांगली मिळालीय," अण्णा म्हणाले. "आता बादलीत पाणी घालायचं काम तुमचं."

पाण्याचाच सगळा घोळ होता. मतदारसंघाच्या मधून डावा कालवा जातो. वरच्या गावांना पाणी आधी मिळतं, शेवटच्या गावांपर्यंत उरलंसुरलं पोचतं. त्याच्या अकरा वर्षं आधी एका उन्हाळ्यात वरच्या देवगव्हाणनं कालव्याचं दार खाली सोडून पाणी अडवलं होतं. खालच्या माळेवाडीची माणसं तोंडाला टॉवेल गुंडाळून भरदुपारी आली आणि त्यांनी घण घालून ते दार फोडलं. सुटलेल्या लोंढ्यात देवगव्हाणचा सोपान नावाचा तरणा गडी वाहून गेला. घण कुणी घातला हे कोर्टात काही सिद्ध झालं नाही. पण त्या दुपारपासून दोन्ही गावांत सोयरीक बंद होती.

"आपल्याला दोन्हीकडची मतं लागतात," अण्णा म्हणाले.

"पण अण्णा, त्या दिवशी तुम्ही नेमके कुठे होता?"

अण्णा हसले. "तुम्ही ठेवाल तिथं."

मी त्यांना दोन ठिकाणी ठेवलं. वरच्या गावांसाठी लिहिलं की अण्णा त्या दिवशी दार वाचवायला जिवाच्या आकांतानं धावले, आणि आमदार झाल्यावर वरच्या गावांच्या हक्काच्या पाण्याला ते कुणाला बोट लावू देणार नाहीत. खालच्या गावांसाठी लिहिलं की घण घालणारे हात अण्णांचेच, आणि आमदार झाल्यावर शेवटच्या शेतापर्यंत सारखं पाणी पोचवतील. दोन्ही मजकूर एकाच कॅसेटवर भरले, पहिल्या बाजूला वरच्या गावांचा आणि दुसऱ्या बाजूला खालच्यांचा. जीप वर निघाली की पहिली बाजू लावायची, खाली आली की कॅसेट काढून उलटी घालायची. या युक्तीचा मला इतका अभिमान होता की मी ती घरी बायकोलाही दोनदा सांगितली.

खंडूला मात्र माझी दुसरी बाजू आवडत नसावी. ती लागली की तो टेपचा आवाज कमी करायचा, नाहीतर जीप थांबवून उगाच टायर बघायला उतरायचा. पस्तिशीचा असेल, हाताचे पंजे फावड्यासारखे, बोलणं जेवढ्यास तेवढं. दहा-अकरा वर्षांपासून अण्णांकडे होता. मला 'सर' म्हणायचा आणि दर गावात माझ्यासाठी चहा आधी मागवायचा.

देवगव्हाणच्या बाजाराच्या त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी जीपमधला जुना टेप जळाला आणि अण्णांनी नवा बसवून दिला. एक बाजू संपली की हा टेप दुसरी बाजू आपली आपण वाजवतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

देवगव्हाणचा आठवडे बाजार ऐन भरात होता. जीप बाजाराच्या तोंडाशी लावून मी आणि खंडू भजी खात उभे होतो. पहिली बाजू संपली, भोंगा गप्प झाला. जुन्या टेपवर इथे गोष्ट संपायची. टेपमध्ये खट् असा आवाज झाला आणि माझाच आवाज सगळ्या बाजारावर घुमला.

"माळेवाडीच्या माझ्या तहानलेल्या बंधू आणि भगिनींनो! अकरा वर्षांपूर्वी देवगव्हाणचा माज उतरवला तो कुणी? याच हातांनी! निवृत्तीअण्णांच्या याच हातांनी घण घातला..."

खंडूच्या हातातला भजीचा कागद खाली पडला. तो जीपकडे पळाला. नव्या टेपची बटणं त्याला माहीत नव्हती. त्यानं घाईत काहीतरी दाबलं आणि आवाज दुप्पट झाला. बाजारात भाव करणारी माणसं एकेक करून गप्प होत गेली. मला तेव्हाच पळायला हवं होतं. पण मी मूर्खासारखा स्वतःचंच बोलणं ऐकत उभा राहिलो.

पहिला दगड काचेवर बसला. मग विटा आल्या. खंडूला कॉलरला धरून बाहेर ओढला आणि वीसेक जणांनी खांदे लावून जीप उलटवली. मला भजीवाल्याच्या मागून शोधून काढलं. मी शेजारच्या तालुक्यातला असल्यामुळे मला चेहऱ्यानं कुणी ओळखत नव्हतं. आवाज मात्र आता सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता.

माझा जबडा धरणारा भिवा. बुडालेल्या सोपानचा धाकटा भाऊ, बाजारात कांद्याचे ट्रक भरायचा.

"मुका हाय?" तो म्हणाला. "मग वरडंल तरी."

त्यानं माझी डाव्या हाताची करंगळी धरली आणि मागे मोडली. हाड तुटल्याचा आवाज मी ऐकला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. 'आई गं' ओठांपर्यंत आलं होतं. पण आमच्या गल्लीत एक खरोखरचा मुका होता, त्याचं रडणं मला लहानपणापासून पाठ होतं. मी ते रडणं काढलं. घशाच्या मुळाशी घासत, नाकातून, अर्धवट. इतकं हुबेहूब की समोरच्या दोघाचौघांनी नजर वळवली. माझ्या सगळ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं निवेदन.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली आणि तिनं भिवाच्या हातावर फटका मारला.

"मुक्या जिवाला मारतो? मुडद्या, लाज न्हाय?"

"आये, तू मधी पडू नगं."

"मी पडनार न्हाय तर कोन पडनार? माझं पोर गेलंय. तुझं न्हाय."

ती सोपानची आणि भिवाची आई, गजराबाई. कांद्याची पथारी लावून बसली होती, तिथून उठून आली होती. तिनं मला हाताला धरून आपल्या पोत्यावर बसवलं. दातानं पदराची कड फाडली आणि माझी करंगळी शेजारच्या बोटाला घट्ट बांधली. बांधताना हळू आवाजात म्हणत होती, "रडू नगं, बाबा. रडू नगं. झालं."

मी खरंच रडत होतो. तिच्या मायेनं नव्हे, वाचलो म्हणून.

मग भिवा खंडूकडे वळला. उलटलेल्या जीपमधून त्यानं जॅकचा दांडा काढला होता. पहिला फटका खंडूच्या मांडीवर बसला आणि खंडू गुडघ्यावर आला.

"तुझ्या अण्णानं घातला घण? भोंगा म्हंतोय ते खरं?"

"न्हाय," खंडू म्हणाला. "अण्णा तिथं नव्हताच."

दुसरा फटका खांद्यावर. "मग कोन व्हता?"

खंडूनं तोंडातलं रक्त थुंकलं. त्यानं भिवाकडे न बघता पथारीकडे, गजराबाईकडे बघितलं.

"घन म्या घातला, आये."

मला वाटलं, काय इमानी माणूस आहे, धन्याचं पाप अंगावर घेतोय. आपल्याऐवजी कुणीतरी मरायला तयार आहे हे बघून मला बरंसुद्धा वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

गजराबाई उठली. "धन्याला वाचिवतोय ह्यो," ती म्हणाली. "तू व्हतास तर खूण सांग."

"सोपान दाराखाली कालव्यातल्या डबक्यात बैलं धूत व्हता," खंडू म्हणाला. "आमी दारावर चढलो तवा त्यानं बघितलं. त्यो म्हनला, थांबा रं दादा, बैलं बांधल्याती, तेवढी सोडवतो, मंग काय फोडायचं ते फोडा. म्या घन खाली घेतला. थांबलो. त्यानं एक बैल सोडला. मागून आमचीच मानसं वरडली, फसवतोय, गावाला हाळी द्यायला टाइम काढतोय. म्या घन उचलला. दुसऱ्या बैलाचा कासरा त्याच्या हातात व्हता."

भिवाचा दांडा हातातच राहिला. पुढे मला कळलं की लोंढा ओसरल्यावर एक बैल सुटा सापडला होता आणि दुसरा दाव्यासकट मेलेला. हे फक्त त्या घरालाच माहीत होतं.

गजराबाई खाली मातीत बसली.

"दादा म्हनला व्हता तुला?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मोठ्याला दादाच म्हनायचा त्यो." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग भिवाला म्हणाली, "ह्याला हात लावू नगं आता. पोलिसात दे. माझ्या लेकाचं शेवटचं बोलनं अकरा वर्सं मला कुनी सांगितलं न्हवतं. ह्यानं सांगितलं. पर त्यो भोंग्यातला मला पायजे. माज उतरिवला म्हंतोय. माझं पोर बैलं सोडवीत व्हतं, त्यो माज व्हता व्हय? त्याला आना माझ्यापुढं आन् ह्याला सोडा."

भिवा खंडूवर वाकला. "आयकलंस? त्यो कोन हाय त्याचं नाव सांग. सांगितलंस तर जित्ता जाशील."

खंडूनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

मी चार पावलांवर, कांद्याच्या पोत्यावर बसलो होतो. त्याच्या नजरेत विनवणी नव्हती, राग नव्हता. जीप सुरू करण्याआधी तो नेहमी विचारायचा, 'सर, निघायचं का?' तसा तो माझ्याकडे बघत होता. मी काय म्हणतो याची वाट बघत होता. मला फक्त 'मी' म्हणायचं होतं. आणि म्हातारी शब्दाला जागली असती, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. ती माझ्या शेजारीच होती, तिच्या पदराची चिंधी माझ्या बोटाला होती.

मी मान खाली घातली आणि घशातून ते मुक्याचं रडणं पुन्हा काढलं.

"ठावं न्हाय," खंडू म्हणाला. "कॅसेट शहरातनं आली."

भिवाचा दांडा त्याच्या डोक्यावर बसला. खंडू आडवा झाला. मग ज्यांनी आतापर्यंत हात लावला नव्हता तेही पुढे आले. कुणाच्या हातात तराजूची दांडी होती, कुणी वजनं उचलली होती, कुणाच्या नुसत्या लाथा. गजराबाई त्यांच्या पाठीवर दोन्ही मुठींनी मारत होती, "सोडा रं, सोडा," म्हणून ओरडत होती. कुणीतरी तिला ढकललं आणि ती आपल्याच कांद्यांत पडली. माणसाच्या अंगावर वजन आपटल्याचा आवाज पोतं आपटल्यासारखाच असतो. मी सगळं बघितलं. खंडूबद्दल मला काही वाटलं का, असं पुढे बायकोनं विचारलं होतं. तेव्हा नाही वाटलं. भीतीनं मी इतका भरलो होतो की आणखी काही वाटायला जागाच नव्हती. लाज पुष्कळ उशिरा आली आणि मग गेली नाही.

पोलिसांची गाडी आली तेव्हा बाजार रिकामा झाला होता. आम्हा दोघांना मागच्या बाजूला घातलं. खंडूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एक डोळा बंद झाला होता, दुसरा उघडा होता. शिपाई पुढे बसले होते. खंडूचे ओठ हलले म्हणून मी कान खाली नेला.

"सर," तो म्हणाला, "ती दुसरी बाजू पुन्यांदा लावू नका."

"नाही लावणार," मी म्हणालो. त्या दुपारी मी उच्चारलेले पहिले शब्द.

तालुक्याच्या दवाखान्याच्या फाटकातून गाडी आत वळत असताना तो गेला.

दुसऱ्या दिवशी अण्णा मला भेटायला दवाखान्यात आले. माझी करंगळी प्लॅस्टरमध्ये होती. त्यांनी दार लोटून घेतलं आणि खाटेवर बसले.

"खंडू म्हणाला ते खरं होतं?" मी विचारलं.

"खरं होतं. त्या दिवशी मी सासुरवाडीला, मेव्हणीच्या साखरपुड्यात होतो. चार दिवसांनी हा माझ्या दारात आला. झोपत नव्हता, जेवत नव्हता. पोलिसात जातो म्हणत होता. मी म्हटलं, वेडा आहेस का? घरात बायको हाये, तान्ही पोर हाये. माझ्याकडं राहा. प्रकरण मिटवलं." त्यांनी उसासा सोडला. तो खोटा नव्हता. "चांगला गडी होता."

"आणि त्याचं काम तुम्ही आपल्या नावावर घेतलंत."

"मी घेतलं? लिहिलं कुणी, सर?"

मी प्लॅस्टरकडे बघितलं.

"देवगव्हाण तर गेलंच आता," अण्णा म्हणाले. "पण खालची अकरा गावं पेटलीत. नवीन कॅसेट पाहिजे. घण अण्णांचाच, पण अण्णांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता खंडू मदने. वरच्यांनी भर बाजारात ठेचून मारलेला आपला खंडू. हुतात्मा खंडू. या वेळी एकच मजकूर, दोन्ही बाजूंना. आवाज बसला नाही ना तुमचा?"

आवाज बसला नव्हता. दुसऱ्याच दिवशी मी ती कॅसेट भरली. 'हुतात्मा' या शब्दाशी मी जरा थांबायचो, तिथे बायका रडायच्या असं मला नंतर सांगितलं. खंडूच्या बायकोलाही ती तिच्या दारात ऐकू गेली असणार. खालच्या अकरा गावांनी अण्णांना निवडून दिलं. पाण्याचं वाटप होतं तसंच राहिलं.

कोर्टात मला साक्षीला बोलावलं. तिथेही मी मुकाच राहिलो; गर्दी फार होती, मी शुद्धीवर नव्हतो, चेहरे आठवत नाहीत, असं कागदावर लिहून दिलं. भिवासकट सगळे सुटले. बाहेर पडताना भिवानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गजराबाई आली नव्हती, ती लेकाविरुद्ध बोलेल म्हणून तिला घरीच ठेवलं होतं, असं म्हणत.

पुढची सहा वर्षं मी डाव्या कालव्याकडे फिरकलो नाही. बाकी माइक चालू होता. सातव्या वर्षी जिल्ह्याच्या गावी एका लग्नाचं निवेदन घेतलं. पत्रिकेवर वधूपक्षाचंच गाव वाचलं आणि होकार दिला. वऱ्हाड आलं, मंडप भरला. मी माइक हातात घेतला आणि नेहमीसारखी सुरुवात केली.

"बंधू आणि भगिनींनो..."

वरपक्षाच्या बायकांत पुढेच बसलेली एक म्हातारी एकदम ताठ झाली. मी बोलत राहिलो. पाहुण्यांची नावं घेतली, फेटे बांधून घ्या म्हटलं. ती उठली. शेजारणीनं तिचा हात धरला, तिनं तो सोडवून घेतला. पाय फरफटत, खुर्च्यांचा आधार घेत ती स्टेजच्या पायऱ्या चढली. तोपर्यंत मी तिला ओळखलं होतं.

गजराबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माइक धरलेला माझा डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि करंगळी चाचपली. हाड वाकडंच जुळलं होतं. जिथे तिनं गाठ मारली होती तिथे तिचा अंगठा थांबला.

"तुला बोलता येतंय व्हय रं?" ती म्हणाली.

माइक सुरूच होता. वाजंत्रीवाले थांबले, अख्ख्या मांडवानं ते ऐकलं. तिनं माझा हात सोडला नाही. मी काय उत्तर देतो याची ती वाट बघत होती, आणि माझ्या घशातून शब्द निघेना.